इंदूरचे पक्षी कसे मोजायचे, कशासाठी मोजायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिरपूर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दुर्बीण आणि वही घेऊन उभं राहिलं की फिरायला आलेली मंडळी थांबून चौकशी करतात. राजेंद्रनगरातले आजोबा, सुदामानगरातल्या वहिनी, कॉलेजातली पोरं, सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. इंदूर, महू आणि आसपासचा माळवा एवढाच परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पक्षी बघावेत, आनंद घ्यावा. मोजायचे कशाला?

आनंद घ्यायचाच. पण मोजले नाहीत तर काय गेलं आणि कधी गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

गिधाडांचंच बघा. १९८०च्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशभर इतकी होती की ती मोजून ठेवावीत असं फारसं कुणाच्या मनातही आलं नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात मात्र डॉ. विभू प्रकाश यांनी त्या काळात त्यांची घरटी मोजली होती. नव्वदच्या दशकात तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा आकडा कोसळलेला होता आणि झाडांवर माना टाकून बसलेली आजारी गिधाडं दिसत होती. जुना आकडा हाताशी होता, म्हणून ‘हल्ली कमी दिसतात’ या म्हणण्याला पुरावा मिळाला. शोध सुरू झाला. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ साली प्रसिद्ध झालं. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली होती. तशाच धोक्यामुळे २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांनाही गुरांसाठी मनाई झाली.

हे सगळं घरट्यांच्या एका साध्या मोजणीपासून सुरू झालं. देशात आणखी दहा ठिकाणी तशी मोजणी झाली असती, तर कदाचित काही वर्षं आधी जाग आली असती. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

मग पाणी तपासा, झाडं मोजा. पक्षीच का?

पाणी तपासायलाच हवं. पण पक्षी दिवसा दिसतात, आवाज देतात, साध्या माणसालाही ओळखता येतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते. कुणाला मासे लागतात, कुणाला चिखलातले किडे, कुणाला जुन्या झाडाची ढोली. त्यामुळे कोणत्या गटाचे पक्षी घटले यावरून जागेचं काय बिघडलं असेल याचा अंदाज येतो. थर्मामीटर ताप दाखवतो, रोगाचं नाव सांगत नाही. पक्ष्यांचंही तसंच आहे. पुढची तपासणी प्रयोगशाळेतच करावी लागते.

आपल्या इंदुरात मोजण्यासारखं आहे तरी काय?

पुष्कळ आहे, आणि बरंचसं होळकरांच्या काळातलं आहे. सिरपूर तलाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संस्थानानं बांधवला. साधारण १६१ हेक्टरचं हे पाणी उथळ आहे, भर पावसाळ्यातही खोली दोन मीटरच्या आसपास. बदकांना आणि चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना असंच पाणी हवं असतं. गंभीर नदीवरचा यशवंत सागर याहून कितीतरी मोठा. शहराला तिथून पिण्याचं पाणी येतं आणि मध्य भारतातल्या सारसांचा तो मोठा आसरा आहे. हे दोन्ही तलाव २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर आणि उदयपूर या दोन शहरांना रामसर करारातर्फे ‘पाणथळ शहर’ ही मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदाच.

सिरपूर आज तलाव म्हणून शिल्लक आहे, यामागे माणसांचे कष्ट आहेत. पद्मश्री भालू मोंढे, अभिलाष खांडेकर आणि ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ ही त्यांची संस्था अतिक्रमण, सांडपाणी आणि बेकायदा मासेमारीशी वर्षानुवर्षं झगडली. इंदूरच्या मराठी माणसांनी हे अभिमानानं सांगावं.

याशिवाय बिलावली, पिपल्यापाला, लिंबोदी, महूचे तलाव आहेत. १९८९ साली अभयारण्य झालेलं रालामंडल आहे. चोरल आणि पातालपाणीकडचं घाटातलं जंगल आहे. रेसिडेन्सी भागातली जुनी झाडं तर थेट शहराच्या पोटातच आहेत. तुमच्या कॉलनीतलं उद्यानही यादीत धरा.

गणना म्हणजे प्रत्यक्ष करायचं काय?

एक जागा ठरवायची, तिथे उभं राहण्याचे बिंदू ठरवायचे आणि दर वेळी त्याच बिंदूंवर, त्याच वेळेला, तितकाच वेळ थांबून दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. इतकंच. ‘त्याच’ आणि ‘तितकाच’ हे दोन शब्द सांभाळणं मात्र अवघड जातं.

सिरपूरचं सांगते. सूर्य उगवल्यानंतरचे पहिले तीन तास उत्तम. बिंदूवर पोचल्यावर आधी वेळ, ढग, वारा आणि पाण्याची पातळी लिहायची. पातळीसाठी पाण्यातला एखादा ठरलेला दगड किंवा खांब बघून ठेवायचा, तो किती बुडालाय ते लिहायचं. मग दोन मिनिटं काहीच करायचं नाही. तुमच्या येण्यानं बिचकलेली टिटवी ओरडायची थांबते, बुडी मारलेली टिबुकली वर येते. त्यानंतर दुर्बीण डावीकडून उजवीकडे एकदाच, सावकाश फिरवायची. एकानं बघून बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं: ‘वारकरी चाळीस, थापट्या बारा, हळदीकुंकू चार, शेकाट्या नऊ.’ (ही सगळी पाणपक्ष्यांची नावं.) बघणाऱ्यानं वहीकडे वळायचं नाही, नजर हलली की हिशेब गेला. डोक्यावरून नुसते उडत गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात.

आणि मग नेमका दलदल भोवत्या येतो. हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जातो. तो दिसताच वारकऱ्यांचा अख्खा थवा पाण्यावर पाय आपटत पळतो, बदकं उडतात, गोल फिरून दुसऱ्या टोकाला उतरतात. अशा वेळी अर्धा आकडा तसाच पुढे ओढू नये. रेघ मारावी, सगळं स्थिर होऊ द्यावं आणि पहिल्यापासून मोजावं. वहीत ‘भोवत्या आला, ७:४०, पुन्हा मोजले’ एवढं टिपलं की पुढे वाचणाऱ्याला कळतं काय झालं ते.

तीनशे-चारशे बदकं एकत्र असली तर कशी मोजायची?

आधी दहा पक्षी खरोखर एकेक करून मोजा आणि ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा. मग तेवढ्या जागेचे तुकडे थव्यावर टाकत जा: दहा, वीस, तीस. मोठ्या थव्याला पन्नासाचे तुकडे. काठाशी पक्षी विरळ असतात आणि मधे दाट, तेवढं भान ठेवा. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे मग सांगा, आधी नाही. फार फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजायचं. थवा मिश्र असेल तर एकूण आकडा घ्या, नंतर थव्याच्या तीन-चार भागांत कोणती जात किती हे पाहून वाटणी करा. फोटो काढून घरी संगणकावर मोजला तर आपला अंदाज किती चुकतो हेही कळतं. बहुतेकांचा अंदाज कमीच भरतो.

मला पक्षी ओळखता येत नाहीत. मी येऊ का?

या. लिहिणारा माणूस कायम कमी पडतो. आणि तुम्हाला वाटतं त्याहून जास्त पक्षी तुम्ही ओळखता: कावळा, चिमणी, साळुंकी, पारवा, राघू, मोर, घार, कोकिळ, टिटवी, बगळा. तिथून पुढे दयाळ, सातभाई, कोतवाल, वेडा राघू, खंड्या, शिंजीर एका हिवाळ्यात जमतात. ओळख पटली नाही तर ‘बदक, जात कळली नाही’ असं लिहा. अंदाजे ठोकून दिलेलं नाव रकान्यात गेलं की पुढे ते काढता येत नाही.

दिवसभर फिरलो आणि तेच कावळे, साळुंक्या, होले. फेरी वायाच ना?

अजिबात नाही. मला या पानावर एकच गोष्ट सांगायची असती तर हीच सांगितली असती. नेहमीचे पक्षी लिहा. सगळेच्या सगळे लिहा. दुर्मिळ पक्ष्याचा फोटो शंभर जण काढतात, साळुंकीची संख्या कुणी लिहीत नाही. गिधाडं एके काळी साळुंकीइतकीच सामान्य होती.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३च्या अहवालात तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. ज्या ३३८ जातींचा दीर्घ काळाचा कल काढता आला, त्यांपैकी २०४ घटलेल्या निघाल्या, ९८ स्थिर, ३६ वाढलेल्या. घटलेल्यांत दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंखही आहे. विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख दिसला की ‘आहे की अजून’ म्हणून आपण पुढे जातो. तो किती किलोमीटरमागे एक दिसतो आणि दहा वर्षांपूर्वी किती दिसायचा, हे सांगायला नोंदच लागते. ती लाखो साध्या याद्यांतून आली.

काहीच दिसलं नाही तर?

तरीही वेळ, जागा, किती थांबलात ते लिहून यादी पूर्ण करा. कुणी गेलंच नव्हतं आणि गेले पण पक्षी नव्हते, यांत फार मोठा फरक आहे. कोऱ्या पानावरून तो कळत नाही.

यंदा सिरपूरला बदकं खूपच कमी. तलाव बिघडला का?

एका वर्षाच्या आकड्यावरून तसं म्हणू नका. यात भलेभले फसतात.

पाऊस चांगला झाला की माळव्यात डबकी, पाझर तलाव, शेततळी, खाणींचे खड्डे, सगळीकडे पाणी असतं. बदकांना सिरपूरलाच यायची गरज उरत नाही, ती पसरतात. आकडा घटतो, पण पक्षी घटलेले नसतात. याउलट पाऊस कमी झाला तर लहान पाणवठे डिसेंबरातच आटतात आणि उरलेल्या मोठ्या तलावांवर गर्दी होते. वर्तमानपत्रात ‘पक्ष्यांची विक्रमी हजेरी’ अशी बातमी येते. प्रत्यक्षात ते वर्ष त्यांच्यासाठी ओढाताणीचं असतं.

समजा, एका जानेवारीत सिरपूरला आठशे पाणपक्षी आणि पुढच्या जानेवारीत चारशे. निष्कर्ष काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. त्या पावसाळ्यात पाऊस किती झाला. त्याच दिवशी यशवंत सागर, बिलावली आणि महूकडच्या तलावांवर किती पक्षी होते. आणि नेमकी कोणती जात घटली. सगळ्या जाती थोड्या थोड्या घटल्या असतील तर पक्षी पसरले असण्याची शक्यता जास्त. बाकी सगळं ठीक आणि फक्त बुडी मारणारी बदकं गायब असतील, तर त्या तलावातच काहीतरी झालंय. म्हणून एकाच दिवशी अनेक तलावांची गणना करायचा आग्रह असतो. दुसरं म्हणजे उत्तरेकडे, मध्य आशियात आणि सैबेरियात, विणीचा हंगाम कसा गेला याचाही आपल्या हिवाळ्यातल्या आकड्यावर परिणाम होतो. त्याला सिरपूर काय करणार?

खरा कल दिसायला दहा वर्षं तरी सलग लागतात. घाई करून चालत नाही.

मग कोणता पक्षी काय सांगतो?

काही ढोबळ खुणा सांगते. एकट्या जातीवरून निकाल देऊ नका, पूर्ण गट बघा.

लालसरी पाण्यात बुडी मारून तळाच्या वनस्पतींचे कंद, बिया खाते. नर ओळखायला सोपा, तांबूस डोकं, काळी छाती, राखी पाठ. तिला तळापर्यंत उजेड पोचेल इतकं स्वच्छ पाणी लागतं, कारण उजेडाशिवाय तळाला वनस्पती वाढत नाहीत. पाणी गढूळ किंवा शेवाळानं हिरवं झालं की लालसरी आधी जाते. जगभरात ती संकटाकडे चाललेल्या जातींत गणली जाते, म्हणून सिरपूरवरचा तिचा आकडा मोलाचा.

शेकाट्याचं उलट. लांब गुलाबी पायांचा हा देखणा पक्षी सांडपाण्यातही मजेत असतो. मासे खाणारे नदी सुरय, कवड्या खंड्या, पाणकावळे कमी होत गेले आणि शेकाटे वाढत गेले, तर पाण्यात मैला येतोय का ते तपासायला लावा. थापट्या बदकं खूप झाली तरी तोच संशय घ्यावा. त्यांची रुंद चोच पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते, आणि सांडपाणी मुरलेल्या पाण्यात ते जीव भरपूर असतात.

कमळपक्ष्याला तरंगती पानं हवीत, जांभळ्या पाणकोंबडीला काठचं लव्हाळं. दोन्ही असणं चांगलं. पण जलपर्णीनं सगळं पाणी झाकलं तर पाणकोंबडी टिकते आणि बदकांना उतरायला जागा उरत नाही.

नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बेटांवर, वाळूवर अंडी घालतो. यशवंत सागरात सुरय दिसतात पण पिल्लं दिसत नाहीत, असं दोन-तीन उन्हाळे झालं तर त्या बेटांपर्यंत कुत्री पोचतात का, गुरं जातात का, पाणी अचानक सोडलं-भरलं जातं का, ते बघायला हवं.

झाडांवरच्या पक्ष्यांत तांबट आणि सुतार हे वाळक्या फांदीत ढोली कोरतात. त्यांनी सोडलेल्या ढोलीत मग साळुंकी, राघू राहतात. राखी धनेशाची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. धनेश असेल तर त्या भागात म्हातारी झाडं आणि वड-पिंपळ-उंबर शिल्लक आहेत असं समजा. वाळकी फांदी दिसली की छाटायची, ही सवय या सगळ्यांच्या मुळावर येते. माणसांच्या डोक्यावर पडेल अशी फांदी काढा, बाकीच्या राहू द्या.

पक्षी वाढले म्हणजे चांगलंच ना?

नेहमी नाही. शहरात पारवे वाढतात ते लोक दाणे टाकतात आणि इमारतींच्या कपारी मिळतात म्हणून. घारी कचऱ्यावर आणि मांसाच्या तुकड्यांवर वाढतात. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा सुमारे तेरा लाख टन जुना कचरा इंदूरनं उपसून काढला. तिथले कचऱ्यावर जगणारे पक्षी त्यानंतर पांगले असतील, तर एकट्या त्या आकड्यावरून शहराचं पर्यावरण बिघडलं असं कुणी म्हणणार नाही. मात्र पांढरं गिधाड कचऱ्यावरही येतं आणि ते धोक्यात आहे, म्हणून ते पांगून कुठे गेलं हे शोधलं पाहिजे.

चिमण्या खरंच संपल्या?

संपल्या नाहीत. देशपातळीवर, विशेषतः गावाखेड्यांत, त्यांची संख्या बऱ्यापैकी टिकून असल्याचं नोंदी सांगतात. मोठ्या शहरांत त्या घटल्या. काचेच्या आणि गुळगुळीत भिंतींच्या इमारतींत घरट्याला फट नाही, आणि पिल्लांना भरवायला लागणारे कोवळे किडे बागेत उरत नाहीत. जुन्या इंदुरात, राजवाड्याच्या आसपासच्या वाड्यांत आणि बाजारात त्या अजून आहेत. किती, ते तुम्ही गल्लीनिहाय मोजून सांगू शकता. शाळेच्या मुलांसाठी हा फार चांगला उपक्रम आहे.

तलावांचंच बोलता. माळरानांचं काय?

खरं आहे, आणि नुकसान तिथे जास्त झालंय. माळव्यात गवताची राखीव कुरणं असत, इथले लोक त्यांना बीड म्हणतात. काळ्या मातीचा हा प्रदेश १९७०-८०च्या दशकांपासून सोयाबीनखाली गेला. उरलेलं माळ सरकारी कागदांत ‘पडीक’ म्हणून लिहिलं जातं, मग कुणी तिथे झाडं लावतं, कुणी कारखाना. माळावर झाडं लावली की चंडोल, तित्तिर, कापशी यांचं घर जातं. हिरवं दिसतं म्हणून सगळंच भलं नसतं.

सगळ्यात जास्त भोगलं ते तणमोरानं, ज्याला इकडे खरमोर म्हणतात. त्याच्यासाठी रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर ही अभयारण्यं १९८३ साली झाली. आज ही जात नष्ट होण्याच्या अगदी काठावर, म्हणजे अतिसंकटग्रस्त गटात आहे. त्याची गणना करायची रीत बघण्यासारखी आहे. एरवी कमरेइतक्या गवतात हा कोंबडीएवढा पक्षी दिसणं जवळपास अशक्य. पण पावसाळ्यात नर मादीला बोलावण्यासाठी गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवत क्षणभर वर राहतो आणि खाली पडतो. दिवसातून शेकडो वेळा. त्यामुळे गणनेत उड्या मारणारे नरच मोजतात. मादी दडून असते, तिचा आकडा मिळत नाही. पाऊस लांबला, गवत वाढलं नाही, तर उड्याही नाहीत आणि नोंदही नाही. शेतात खरमोर दिसल्याचं कळवून त्याला राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याची रीत वन विभागानं सैलान्याकडे चालवली, ती मला फार योग्य वाटते. पक्षी शेतात असेल तर त्याचा पहिला राखणदार शेतकरीच.

सारस कसे मोजतात?

सारस स्थलांतर करत नाहीत, जोडीनं राहतात आणि आपली जागा धरून असतात, म्हणून जोड्या मोजतात. पावसाळ्यात पाणी साचलेल्या शेतात किंवा दलदलीत मोठं घरटं करतात, अंडी एक किंवा दोन. नुसती जोडी दिसली एवढं पुरत नाही. बरोबर पिल्लू आहे का आणि ते उडण्याइतकं मोठं होईपर्यंत टिकलं का, हे लिहा. सारस वर्षानुवर्षं जगतो, त्यामुळे पिल्लं जगत नसली तरी मोठ्या पक्ष्यांचा आकडा बरीच वर्षं ठीकच दिसत राहतो.

पायात कडी किंवा गळ्यात पट्टा असलेला पक्षी दिसला तर?

रंग, त्यावरची अक्षरं-आकडे, कडी कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली, एवढं टिपा. जमल्यास फोटो काढा. पट्टकदंब हंसांच्या गळ्यात मंगोलियात घातलेले पट्टे भारतात दिसले आहेत. नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

नोंदी कुठे द्यायच्या, आणि त्या कोण वापरतं?

रोजच्या नोंदींसाठी ई-बर्ड हे ॲप. फोनवर चालतं, फुकट आहे, पक्ष्यांची नावं मराठीतूनही दिसतात. ‘दिसलेले सगळे पक्षी लिहिले’ या प्रश्नाला खरंखुरं ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी करा, आणि नुसत्या फुलीऐवजी आकडा लिहा. शिकाऱ्यांचा धोका असलेल्या काही जातींची नेमकी जागा ते आपोआप झाकतं.

जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आशियाई पाणपक्षी गणना असते, आपल्या उपखंडात १९८७ पासून. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, त्यात गच्चीवरून पंधरा मिनिटं मोजलं तरी चालतं. ज्यांना पाळीवर चालवत नाही अशा घरच्या आजी-आजोबांना यात जरूर घ्या. चहाचा कप हातात घेऊन मोजलेले बुलबुलही तितकेच खरे.

वापर कुठे होतो? रामसर यादीसाठीचा एक निकष असा आहे की एखाद्या पाणपक्ष्याच्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी त्या जागी नियमित येत असावेत. हा टक्का काढायला दोन्ही आकडे गणनेतूनच येतात. कोणत्या जातीला आधी संरक्षण द्यायचं, कोणत्या तलावाचं पाणी कधी सोडायचं, मासेमारीचा ठेका कोणत्या महिन्यात थांबवायचा, हे ठरवतानाही नोंद असली तर बोलता येतं.

दुर्बीण कोणती घ्यावी?

८×४२. आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची, म्हणून पहाटेच्या उजेडातही चालते. जास्त पट घेतली तर हात थरथरतो. आधी कुणाची तरी वापरून बघा.

घरटं सापडलं. फोटो काढू का?

लांबून एखादा, आणि निघा. फांद्या बाजूला करू नका, जागा समूहांवर टाकू नका. माणसांची ये-जा झाली की कावळ्यांना घरटं सापडतं. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं गणनेच्या वेळी तर नकोच, इतर वेळीही नको.

पावसाळ्यात गणना बंद ठेवायची का?

उलट, स्थानिक पक्ष्यांसाठी तोच काळ. हळदीकुंकू बदक, अडई, कमळपक्षी, सारस तेव्हा वीण करतात. हिवाळी पाहुणे ऑक्टोबरात येतात आणि मार्चपर्यंत जातात. फक्त त्यांच्याच वेळेला गेलो तर वर्षभर इथे राहणाऱ्यांची पिल्लं जगतात की नाही हे कळत नाही. महिन्याला एक फेरी सगळ्यात उत्तम.

मुलांना आणू का?

आणा. आठ वर्षांवरचं मूल चांगलं मोजतं, मोठ्यांपेक्षा लवकर बघतं. भडक कपडे नकोत, पाणी आणि टोपी बरोबर. पाळीच्या दगडांवर हात सोडू नका.

तलावाभोवती पदपथ, दिवे, कारंजी होणार असं ऐकलं. आमच्या नोंदींचा काही उपयोग होईल?

होतो, नीट मांडल्या तर. ‘पक्ष्यांना त्रास होईल’ असं तोंडी सांगितलं तर कुणी थांबत नाही. कोणत्या काठावर कोणत्या महिन्यांत किती पक्षी विश्रांती घेतात, कुठे घरटी होतात, हे नकाशावर दाखवा. मग पदपथ पूर्ण वेढा न घालता एक काठ मोकळा ठेवू शकतो, दिवे पाण्याकडे तोंड न करता खाली वळवता येतात, उथळ चिखलाचा काठ दगडांनी बांधून काढायची गरज राहत नाही. उतरता चिखलाचा काठ गेला की तुतवार, शेकाटे आणि धोबी या पक्ष्यांचं ताटच काढून घेतल्यासारखं होतं.

कायद्याचा आधारही आहे. २०१७च्या पाणथळ नियमांनुसार अधिसूचित पाणथळ जागी आणि रामसर स्थळांत अतिक्रमण, कचरा टाकणं, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडणं यांना मनाई आहे. हे नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत, नावेचा धक्का सोडून, कायमचं बांधकाम चालत नाही. अर्ज महापालिकेत आणि वन विभागात द्या, प्रत भोपाळला राज्य पाणथळ प्राधिकरणाला. सोबत किमान दोन-तीन वर्षांचे तक्ते, बिंदूंचा नकाशा आणि मोजणाऱ्यांची नावं जोडा. पोच घ्यायला विसरू नका, आणि अर्ज दिला म्हणून त्या महिन्याची फेरी चुकवू नका. काम सुरू झालं तर आधीचे आणि नंतरचे आकडे त्याच बिंदूंवरचे लागतील.